प्रोसेसरचे लाड

"उल्हासराव, माझा लॅपटॉप बंद काहून पडला हो?"

नागपूरहून अमेरिकेत बॉथेलला लेकीकडे आलेल्या पद्मिनीताईंनी सकाळी सकाळी जावयाला विचारलं, आणि उल्हासने हातातला चहा खाली ठेवला. सासूबाईंचा तो जुनापुराणा लॅपटॉप कालच त्याने ‘फास्ट’ करून दिला होता.

त्याची नोकरीच ती. संगणक सुरू होताना कर्नेल, म्हणजे आतला मुख्य कारभारी, एकेका प्रोसेसरला उठवतो आणि डोळे चोळायला क्षणभर देतो. संगणक लवकर सुरू व्हावा म्हणून हे लाड उल्हासने बंद केले होते. नव्या मशीनवर सगळं झकास चाललं. आजच्या मीटिंगमध्ये त्याने ‘हो’ म्हटलं, की हे कोड कंपनीच्या सगळ्या ग्राहकांकडे जाणार होतं. पण त्याआधी तेच कोड सासूबाईंच्या लॅपटॉपवर टाकून छाप पाडायचा मोह त्याला आवरला नाही.

"दोन मिनिटं द्या आई, करतो सुरू."

बराच वेळ झाला तरी पडदा काळाच. तिकडे नागपूरच्या मैत्रिणींची ऑनलाइन अंताक्षरी रंगात आली होती.

"आमची टीम हरून राहिली!" म्हणत पद्मिनीताईंनी सरळ त्याचा ऑफिसचा लॅपटॉप उचलला.

"हिमानी, यार, माझी मीटिंग आहे त्यावर!" उल्हास बायकोकडे वळला.

"मग आईचा फिक्स कर ना. बिघडवलास तूच."

बिचारा बिघाडाचं कारण शोधत बसला. ते सापडलं आणि त्याच वेळी मॅनेजर वल्लरीचा फोन आला.

"कुठे आहेस? सगळे तुझ्यासाठी थांबलोय. रिलीज करू ना?"

"नको! कॅन्सल कर! जुने प्रोसेसर उठतच नाहीयेत. त्यांना तो क्षण लागतो."

"बाप रे! आपले निम्मे कस्टमर जुन्याच मशीनवर आहेत. वाचवलंस रे!"

उल्हासने फोन ठेवला. आज कितीतरी लोक त्याच्या नावाने खडे फोडत बसले असते. शेजारच्या खोलीत सासूबाई तार स्वरात गात होत्या, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्याला तो आवाज फार गोड वाटला.

दुपारी त्याने जुन्या प्रोसेसरना त्यांचा क्षण परत दिला. चूक ज्याच्यामुळे कळली, त्याचं नाव कोडसोबत कायमचं नोंदवायची कर्नेलवाल्यांची रीत आहे. ती पाळून त्याने सासूबाईंना पडदा दाखवला.

"आई, तुमच्यामुळे नोकरी वाचली. खरंच थँक्यू. हे बघा तुमचं नाव."

पद्मिनीताईंनी चष्मा लावून वाचलं. "चूक कळवली मी. पण केली कोणी, ते नाही लिहिलं?"

"लिहिलंय ना. वरच्या ओळीत. माझं नाव."

"मग ठीक आहे," त्या समाधानाने म्हणाल्या. "याचा फोटो नागपूरच्या ग्रुपवर टाका. दोन्ही ओळी येऊ द्या."