न घेतलेले रामराम

हैबतरावांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र काढावे की काढू नये, हा वाद त्यांच्या घरात इतका मुरला होता, की गोजराबाई चहाचा कप पुढे ठेवतानाही बशीत तो वाद वाढून देत. पुण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी जे सांगितले, ते या दोघांखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते. हैबतरावांची नजर कडेकडेने विझत चालली होती. समोरचे लख्ख दिसे. पलीकडच्या डोंगरावर चरणारी शेळी पांढरी की करडी, हे ते ओसरीवरून सांगत. पण शेजारी उभा असलेला माणूस त्यांच्यापुरता जगात नसे. जग जणू एका लांबट नळीतून पाहावे लागे, आणि ती नळी दर वर्षी थोडी अरुंद होई. दिवस मावळून भातखाचरांवर डोंगराच्या सावल्या उतरल्या, की तिच्या तोंडावर कोणी तळहात ठेवल्यासारखे होई.

गावाला याचा संशय आला नाही, कारण गावाने आपल्यापुरता खुलासा केव्हाच करून टाकला होता. हैबतराव रामराम घेत नाहीत, म्हणजे माणूस ताठ. मोटारसायकल सोडून पायी फिरतात, म्हणजे राहणी साधी. वाटेत ओळख दाखवत नाहीत, म्हणजे कोणाची भीड धरत नाहीत. शाळेच्या समारंभात तर एका बड्या पुढाऱ्याने बाजूने हात पुढे केला आणि हैबतराव शांतपणे समोरच्या फळ्याकडे पाहत बसले. हात बराच वेळ अधांतरी राहिला; शेवटी पुढाऱ्याने त्याच हाताने स्वतःचे केस सारखे केले. आठवडा उलटला नाही तोच माले गावाने हैबतरावांना तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष म्हणून बिनविरोध निवडले. जो असल्या माणसापुढे वाकला नाही, तो बांधाच्या भांडणात काय वाकणार?

हा मान हैबतरावांना गोड लागला होता. जन्मभर ज्याला कोणी सल्ला विचारला नाही, त्याच्या एका शब्दावर आता भाऊबंद समेट करत. डोळ्यांची गोष्ट फुटली, की हा सारा डोलारा कोसळणार होता. मात्र या मानाला एक बोच होती. पारावर त्यांच्या बाजूला बसायला आता कोणी धजत नसे. कधी संध्याकाळी ते एखादी गोष्ट सांगू लागत आणि अर्ध्यात शंका येई, की शेजारी कोणी आहे तरी का? ते मान वळवल्याशिवाय कळत नसे. आणि ताठ माणसाला मान वळवता येत नाही.

गोजराबाईंचे दुखणे वेगळे होते. नवऱ्याच्या डोळ्यांचे सगळे ओझे त्यांच्या जिभेवर येऊन पडले होते.

"लग्नात नवरी पाया पडाय वाकली, तर तुमी तिला वलांडून गेला," त्या म्हणाल्या. "मी सांगितलं, त्यांचं ध्यान देवाकडं हुतं. किती दिस देवाच्या नावावर खपवू? ती यष्टीची सवलत मिळंल न्हाईतर ऱ्हाईल. मला माझ्या तोंडाला सुट्टी पायजे."

"अन् अध्यक्षपद?"

"तंटा कानानं ऐकत्यात. डोळ्यानं न्हाई."

शेवटी तडजोड झाली. पौडला एका मंगल कार्यालयात दिव्यांगांच्या तपासणीचे शिबिर होते. तिथे गुपचूप जायचे, गुपचूप तपासून घ्यायचे. ओळखीचे कोणी भेटले, तर आल्या पावली परत फिरायचे. पुण्याच्या डॉक्टरांचे कागद वाटेत कोणाच्या नजरेस पडायला नकोत, म्हणून हैबतरावांनी ते घरीच ठेवले. ही सावधगिरी त्यांना महागात पडणार होती.

एसटीतून उतरून दोघे कार्यालयाच्या दाराशी आले, तेव्हा आत ध्वनिक्षेपकावर कोणीतरी अखंड बोलत होते. आवाज ओळखून हैबतराव जागीच थबकले. तो नथू होता. गोजराबाईंचा कोळवणचा धाकटा भाऊ. शिबिराचे सूत्रसंचालन त्याच्याकडे होते, आणि त्यात विशेष काही नव्हते. नथूच्या हाती ध्वनिक्षेपक नसला तरी तो तितकाच बोलत असे. या मेहुण्या-मेहुण्यांत गेली काही वर्षे अबोला होता. दाजी रस्त्यात ओळख देत नाहीत, सख्ख्या मेहुण्याला झाड समजून पुढे जातात, अशी नथूची तक्रार होती आणि ती त्याने तालुकाभर सांगितली होती.

परत फिरायला वेळ मिळाला नाही. उद्घाटनाचे पाहुणे पुण्याच्या रस्त्यावर अडकून पडले होते, समई पेटवायला कोणी नव्हते, आणि नथूचे पाहुण्यांविषयीचे सगळे बोलून संपले होते. दारात दाजी दिसताच त्याने रागलोभ बाजूला ठेवला.

"आपलं भाग्य थोर," त्याने जाहीर केले. "कुनाचीबी भीड न धरनारे, खोट्याला उभं न करनारे माले गावचे तंटामुक्ती अध्यक्ष हैबतराव सोता शिबिरावर नजर ठेवाया आल्यात."

सभागृहात चुळबुळ झाली. काठी टेकत आलेले दोघे काठ्या काखोटीला मारून मागच्या दाराने झपाझप निघून गेले. कानांच्या तपासणीच्या रांगेतला एक जण तर ही घोषणा ऐकून सगळ्यांत आधी उठला. संयोजकांची धांदल उडाली. त्यांनी रांगेतल्या लोकांना तातडीने खुर्च्या दिल्या, पंखे लावले, पाण्याचे ग्लास फिरवले आणि हैबतरावांना हाताला धरून व्यासपीठावर नेले. गळ्यात हार पडला. समई समोर होती, म्हणून ती व्यवस्थित पेटली. नारळ मात्र नथूने बाजूने पुढे केला, आणि हैबतराव समोर पाहत राहिले. नारळ हातात घेऊन नथू कितीतरी वेळ उभा होता. लोकांनी एकमेकांना खुणावले. हैबतराव ते हैबतरावच.

मग दोन शब्द बोलण्याची विनंती झाली.

हैबतराव उठले. एवढे मोठे सभागृह, पण त्यांच्या वाट्याला त्यातले जेमतेम एका माणसापुरतेच येत होते. त्या इवल्याशा उजेडात गोजराबाई उभ्या होत्या. डोळ्यांच्या तपासणीच्या रांगेत, पिशवी छातीशी धरून, नवऱ्याची जागा धरून उभ्या होत्या. मागच्या माणसाला खुर्ची मिळाली होती. त्या बसल्या नव्हत्या, कारण बसल्या तर नवऱ्याला दिसणार नाहीत, हे त्यांना माहीत होते. मनात जुळवलेली सगळी वाक्ये विरून गेली.

"मी पाव्हणा न्हाई," ते म्हणाले. "मलाबी तपासून घ्यायचंय. मला रांगेत जाऊ द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. नथूने लगेच सर्वांना उलगडून सांगितले, की दाजी स्वतः रांगेत उभे राहून तपासणी कशी चालते याची परीक्षा घेणार आहेत. मोठी माणसे उगाच मोठी होत नाहीत. ते खाली उतरले, तेव्हा रांगेने दुभंगून त्यांना वाट दिली. डोळ्यांविषयी प्रथमच त्यांनी चारचौघांत खरे सांगितले होते, आणि त्यामुळे त्यांचा मान आणखी वाढला होता.

डोळ्यांच्या टेबलावर ज्ञानदा नावाची तरुण डॉक्टर होती. तिने अक्षरांचा तक्ता वाचायला सांगितला. हैबतराव प्रामाणिक होते. त्यांनी तो वरपासून खालपर्यंत, अगदी तळाच्या बारीक ओळीसकट वाचून दाखवला. ज्ञानदाने चष्मा काढून पुसला.

"काका, शेवटची ओळ मलाही इतकी स्पष्ट दिसत नाही," ती म्हणाली. "तुम्ही आमची परीक्षा घ्यायला आलात ना? झाली असेल, तर मागच्यांना येऊ द्या."

हैबतराव हळू आवाजात सांगू लागले, की समोरचे दिसते, कडेचे दिसत नाही. ज्ञानदाने कागद मागितले. कागद घरी होते. तिचा स्वर थोडा कोरडा झाला. कडेची नजर मोजायचे यंत्र इथे नाही, ती म्हणाली. आणि तुम्ही एवढ्या आत्मविश्वासाने व्यासपीठावरून चालत आलात, हे मी स्वतः पाहिले आहे. मागे कुजबुज सुरू झाली. खोट्याला उभे न करणारा माणूसच खोटे प्रमाणपत्र मागायला आला होता की काय? मान जाईल म्हणून ते भीत होते. इथे तर चारचौघांत लबाड ठरण्याची वेळ आली होती.

"बाजूचं दिसत नाही, याला काही पुरावा?" ज्ञानदाने विचारले.

नथू तोवर ध्वनिक्षेपकासह तिथे येऊन ठेपला होता. त्याच्या हातात अजून तो नारळ होता. त्याने एकदा नारळाकडे पाहिले, एकदा दाजींकडे, आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"पुरावा म्या हाय," तो म्हणाला, आणि ते साऱ्या कार्यालयाला ऐकू गेले. "आत्ता ह्यो नारळ म्या त्यांच्या खांद्यापाशी धरला हुता. त्यांना दिसलाच न्हाई. अन् ही किती वरसं म्या हाताच्या अंतरावनं रामराम घालतुया. डॉक्टरीनबाई, ह्यो मानूस माजोरी न्हाई वो."

त्या शब्दांनी बांध फुटला. रांगेत बसलेल्या माल्याच्या रंभाबाई पुढे आल्या. त्यांनी दिलेला गणपतीचा प्रसाद हैबतरावांनी घेतला नव्हता, आणि त्या घरी जाऊन रडल्या होत्या. एकाने हळदीला बोलावताना बाजूने पुढे केलेली पत्रिका त्यांनी घेतलीच नव्हती. एकाचा विडा, एकाची टाळी, एका व्याह्याची गळाभेट. ज्याला त्याला आपला अपमान आठवला आणि जो तो हसत, चढाओढीने सांगू लागला. तपासणीच्या रांगेपेक्षा अपमान झालेल्यांची रांग लांब झाली. पुढाऱ्याच्या हाताची गोष्ट निघाली, तेव्हा तर ज्ञानदासुद्धा तोंडावर हात ठेवून हसली.

मग तिने हैबतरावांना समोर बसवले, आपल्या नाकाकडे पाहायला सांगितले आणि दोन्ही बाजूंनी बोटे हळूहळू आत आणली. बोटे जवळजवळ तिच्या गालांना टेकली, तेव्हा कुठे ते म्हणाले, "दिसली." तिने अगदी मऊ आवाजात सांगितले, की त्यांचे म्हणणे खरे आहे. पुण्याला यंत्रावर तपासणी होईल, पुढेही दर काही महिन्यांनी जावे लागेल, दिव्यांगत्वाची टक्केवारी चांगलीच निघेल.

"अध्यक्षपद आता दुसऱ्या कुनाला द्या," हैबतराव मागे वळून लोकांना म्हणाले.

"का म्हून?" रंभाबाईंनी विचारले. "आदी तुमचं भ्या वाटायचं, म्हून भांडण आणत न्हवतो. आता समदी आणू." आणि त्या जाऊन थेट त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

ज्ञानदाने सांगितले, की एवढी टक्केवारी निघाली तर एसटीत सोबतच्या माणसालाही सवलत मिळते. सोबत कोण येणार, हे काही विचारण्यासारखे नव्हते. पण गोजराबाईंनी हिशेब चुटकीसरशी मांडला. बाईमाणसाचे तिकीट मुळातच अर्धे. त्यांच्यावर ती सवलत वाया कशाला घालवायची? नथूला न्यावे. पुण्याला जायला तो नेहमी मोकळाच असतो.

नथूचे डोळे भरून आले. "दाजी, म्या येडा," तो म्हणाला. "मला वाटायचं, तुमी मुद्दाम तोंड फिरवताय. माफी करा." आणि त्याने हैबतरावांना मिठी मारली.

हैबतरावांनी त्याची पाठ थोपटली. प्रसाद त्यांना दिसला नव्हता. विडा दिसला नव्हता. पुढाऱ्याचा हातही, देवाशपथ, दिसला नव्हता. आजचा नारळ सोडला, तर सगळ्या तालुक्यात केवळ नथूच त्यांना दर वेळी दिसला होता. समोरून, लांबून, अगदी सदऱ्याच्या गुंडीसकट दिसला होता. त्याने पौडच्या स्थानकावर सुरू केलेली गोष्ट पुण्याच्या वेशीवरच्या चांदणी चौकातही संपत नसे, म्हणून त्यांनी दर वेळी मोठ्या शिताफीने मान फिरवली होती. पण रडणाऱ्या माणसाला हे कसे सांगावे?

परतीच्या गाडीत बसल्यावर पुढच्या बाकावरून नथू मागे वळला आणि बाकाच्या पाठीला हात टेकून, गुडघ्यांवर, त्यांच्याकडे तोंड करून बसला. त्याला माल्याला जायचेही नव्हते. केवळ पुण्याच्या फेऱ्यांचा सराव म्हणून तो आला होता.

"शेजारी बसलो तर तुमाला दिसायचो न्हाई," तो प्रेमाने म्हणाला, आणि अबोल्याच्या वर्षांत सांगायचे राहिलेले सगळे पहिल्यापासून सांगू लागला. गाडीने पौड सोडले. हैबतरावांनी हळूच डोळे मिटले.

"दाजी, ऐकताय न्हवं?"

"ऐकत्यात, ऐकत्यात," गोजराबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या. "कानाला काय झालं न्हाई त्यांच्या. मी शिबिरात तेबी तपासून घेतलंय."