दौलतभाऊंची गस्त

बंदुकीच्या खेळात एकही गोळी न झाडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दौलतभाऊ रामटेके, वनखात्यातून रिटायर झालेले गार्ड. सागाच्या जंगलाला लागून असलेल्या आलापल्लीत माझा कॉम्प्युटर क्लास होता. रोज दुपारी चारला येऊन ते जंगलातला खेळ लावायला सांगत आणि नुसते चालत सुटत. तिकडे दुश्मन गोळ्या घालतोय, आणि हे आपले झाडं तपासून राह्यले! खेळात मेले की शांतपणे म्हणायचे, "मास्तर, पुन्हा लाव. वरची बाजू पाह्यची राह्यली."

पडद्यावरचं एकही झाड त्यांना पास नव्हतं. सागाचं पान एवढं चकचकीत नसते म्हणे, हात फिरवला तर खरखरलं पाहिजे. एकदा भर उन्हात उभा वाघ दिसला, तर आठवडाभर कुरकुरत होते. "जंगल पाह्यल्याबिगर जंगल बनवते काऊन बा हा?"

त्यातूनच त्यांचा सिद्धांत निघाला, की गेमच्या कंपन्यांनी मोठी शहरं सोडून आलापल्लीत यावं. हैदराबादच्या एका कंपनीला ते तशी पत्रंच पाठवत. टाइप करायला मी होतोच, हक्काचा कारकून. कारणं एकाहून एक. झाड पाहायचं तर खिडकी उघडली की झालं. गर्दी नाही, गोंगाट नाही. इथला माणूस मचाणावर न हलता बसतो, त्याला खुर्चीवर बसणं काय जड? इथे लाइट जाते त्याचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "तेही लिही. लाइट गेली की डोकं चालते." ऑफिससाठी म्हणून घरातली पुढची खोली त्यांनी चुना मारून तयारही ठेवली होती.

हीच कंपनी का, ते मला ठाऊक होतं. त्यांची एकुलती एक लेक सुजाता तिथे नोकरीला होती. खेळातली झाडं बनवायची. बायको गेल्यापासून घरात भाऊ एकटेच. पण पत्रात लेकीचं नाव ते घालू देत नसत.

कंपनीचं उत्तर कधी आलं नाही. सुजाताची सीडी मात्र आली. तिनं बनवलेलं पहिलं जंगल! भाऊ त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. गस्त सुरू झाली. पानं खरखरीत, बुंध्याला वाळवीची माती, कापायच्या झाडावर खात्याच्या हातोडीचा शिक्का. चूक काही सापडेना, तसे भाऊ अस्वस्थ व्हायला लागले. मग पायवाटेच्या टोकाला एक घर आलं. निळं दार, भिंतीला टेकवलेली सायकल. भाऊंचंच घर ते, मीही ओळखलं.

भाऊ दारापाशी गेले. दार उघडेना. मी समजावलं की हे नुसतं चित्र असतं, आत काही बनवलेलं नसतं. तरी ते तिथेच उभे. या खेळात गोळी घालायलाही कोणी नव्हतं, त्यामुळे डाव संपेना आणि मला बंद करा म्हणवेना.

शेवटी खुर्ची मागे सारून म्हणाले, पत्र लिही. मी कंपनीचा पत्ता टाइप करायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"सुजाले लिही. साग सारा पास. दाराची चूक केली माय तू. आपलं दार कधी बंद असते काय? कंपनी राहू दे, तूच आठ दिवस ये. मले करमत नाई."

मी पत्र वाचून दाखवलं. शेवटची ओळ खोडून टाक, म्हणाले. मी म्हटलं, "राहू द्या, भाऊ," आणि त्यांच्यादेखत पाकीट चिकटवून टाकलं.