सारवलेलं अंगण आणि मधमाशीचा नर

मधमाश्यांची नवी प्रजाती शोधणारा कंधार तालुक्याचा पहिला जावई मीच, हे आधीच सांगून टाकतो. मी नांदेडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो. पोरं मला मागून 'माशीवाले सर' म्हणतात, म्हणू देत. नुसती नवी जात सापडणं म्हणजे भावकीत आणखी एक पोर जन्मणं. नवी प्रजाती म्हणजे अख्खं नवं आडनावच निघणं. आणि ते निघालं कुठं, तर माझ्या सासुरवाडीच्या अंगणात!

या माश्या पोळं बांधत नाहीत. कोरड्या, टणक मातीत बीळ खणून प्रत्येक मादी आपला संसार वेगळा थाटते. अशा दोन माद्या मी पुण्याच्या डॉ. मालविका मॅडमना पाठवल्या. पंखांच्या शिरा म्हणू नका, पायांवरचे केस म्हणू नका, कशाचाच कुठल्या माहितीतल्या माशीशी मेळ बसेना. पण मॅडम पडल्या कडक. म्हणाल्या, "रेणुकादास, नर बघितल्याशिवाय नवी प्रजाती म्हणता येणार नाही. मी स्वतः येते." आता हे नर उडतात मार्च संपता संपता, जेमतेम आठवडाभर. हुकले की थेट पुढचा मार्च. आणि मी तर स्टाफरूममध्ये पेढेसुद्धा वाटून बसलो होतो.

"आईला सगळं नीट समजावून सांगा," वर्षाराणी, म्हणजे आमच्या सौ., म्हणाल्या.

"समजावणं हा माझा धंदाच आहे," मी म्हणालो आणि सासूबाईंना फोन लावला. "मामी, पुण्याच्या मोठ्या मॅडम येताहेत. खास तुमचं अंगण बघायला."

"हाव, येऊ द्या की," धोंडाबाई मामी म्हणाल्या. झालं समजावून.

रविवारी सकाळी वर्षाराणीला आणि मॅडमना घेऊन गावात पोचलो. गाडीतून उतरलो आणि बघतो तर काय! अंगण कडेकोपऱ्यापर्यंत शेणानं सारवलेलं, वर ठिपक्यांची रांगोळी. बीळ औषधालाही शिल्लक नाही.

"मामी, ती भोकं कुठं गेली?"

"लिंपली की समदी," मामी कौतुकानं म्हणाल्या. "चाळणी झाली व्हती अंगणाची. पुण्याच्या बाईपुढं तुमची मान खाली जाऊ नये म्हनून पहाटंच शेण कालवलं."

वर्षाराणीनं माझ्याकडं एकदा पाहिलं, तेवढं पुरे झालं. मी तसाच ओल्या सारवणावर आडवा झालो आणि गाल दाबून जमिनीला कान लावला. खाली बारीक गुणगुण चालू होती. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात शेजारच्या मन्मथनं भिंतीवरून डोकं काढलं. "जावई, काय ऐकून राहिलाव? जमिनीतून आवाज येतोय का?"

"हाव, येतोय! चांगला घुमतोय," मी खुशीत म्हणालो.

आता आमच्या लातूर-नांदेडकडं जमिनीला कान लावलेला माणूस असं म्हणाला, तर त्याचा अर्थ एकच. मन्मथ 'भूकंप, भूकंप' करत गल्लीभर पळाला. कुणी टीव्ही उचलून बाहेर आलं, कुणी शेळी, एक जण तर अर्धी दाढी करून आला. आणि गल्लीत मोकळी जागा एकच, आमचं अंगण. सगळी गल्ली माझ्या प्रजातीच्या डोक्यावर येऊन उभी राहिली.

"अहो, भूकंप नाही, खाली माश्या आहेत," मी ओरडून सांगत होतो.

"जावयाच्या डोक्यावर परिनाम झालाय," मन्मथ हळहळला.

मी ओट्यावर डोकं धरून बसलो. खरंच रडू यायचं बाकी होतं. मामी जवळ आल्या. "जावई, माझ्यामुळं इस्कोट झाला का वो?" त्यांचे डोळे भरले होते. मला त्यांचा राग येईना. माझी मान वर राहावी म्हणून ही बाई पहाटेपासून राबली होती.

मी काही बोलणार तोच मामींची नजर माझ्या गालावर खिळली. "हलू नका, चावंल," असं म्हणत त्यांनी फाडकन लगावली.

अख्ख्या गल्लीसमोर सासूनं जावयाच्या मुस्काटात मारली होती. भूकंपाचं भय कुठल्या कुठं पळालं. मामींनी पदर तोंडात कोंबला. वर्षाराणी भिंतीकडं तोंड करून उभी राहिली, पण खांदे हलत होते.

मॅडम तेवढ्या शांत. त्यांनी चिमटा काढला, माझ्या गालावरून काहीतरी अलगद उचललं आणि भिंगाखाली धरलं.

"नर आहे," त्या म्हणाल्या. "जरा चपटा झालाय, पण कामाचं सगळं शाबूत आहे. आणि आजी, नराला नांगी नसते. तो चावायला आला नव्हता."

"मंग कशाला आला व्हता?"

"सरांच्या गालाला बिळातली माती लागलीय. त्याला मादीचा वास आला असणार."

गल्ली खो खो हसली. मीही हसलो, गाल दुखत होता तरी.

पुढं प्रजाती मान्य झाली. तो नर आता पुण्यात काचेच्या पेटीत टाचणीवर आहे. नमुना कुणी आणि नेमका कुठं पकडला, हे त्याच्या चिठ्ठीवर लिहावं लागतं, आणि मॅडम खोटं लिहीत नाहीत. पकडणारी: धोंडाबाई. ठिकाण: जावयाचा डावा गाल. माझं नाव लिहायला चिठ्ठीवर जागाच उरली नाही म्हणे.