परत आलेला हार

सोयरीक ठरली की आधी समुद्रात जाऊन वडिलांना सांगायचं आणि मगच गावाला, अशी पाचूबंदरच्या सेबेस्टियनच्या घरची रीत होती. वडील तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे कप्तान होते. एका वादळात ते बोटीवरून गेले ते परत आलेच नाहीत. तेव्हापासून घरात लग्न निघालं की बोट थोडी आत न्यायची, प्रार्थना म्हणायची आणि पाण्यात हार सोडायचा.

त्या रविवारी चर्चमधली मिसा आटोपून बोट निघाली ती त्याच्या मुलीसाठी, रिचेलसाठी. बोटीवर रिचेल, तिचा होणारा नवरा अर्नाळ्याचा ॲल्रॉय, सेबेस्टियनची आई मटिल्डा आणि ॲल्रॉयची आई रोझमेरी. यातल्या रोझमेरीशी जपून वागायला हवं होतं. ॲल्रॉयचं आधीचं स्थळ तिने त्या मुलीच्या घरी ऐन प्रार्थनेत मेणबत्ती विझली म्हणून मोडलं होतं. त्यामुळे सेबेस्टियन आज शिंकसुद्धा दाबून धरत होता.

प्रार्थना झाली, रोझमेरीने हौसेने आणलेला लालभडक हार पाण्यात पडला. पण तिच्या मोबाइलमध्ये मुलं आणि हार एकत्र येईनात. "भाऊ, बोट जरा मागं घ्या ना," ती म्हणाली. विहीणबाईंचा शब्द. सेबेस्टियनने बोट मागे घेतली, मग अजून जराशी घेतली. व्हिडिओ झकास आला.

परतीला लागून थोडं अंतर जातंय तोच इंजिन तापल्याचा भोंगा वाजला. बाजूच्या नळीतून पडणारी पाण्याची धार बंद होती. सेबेस्टियनने इंजिन बंद केलं, आतली जाळी उघडून पाहिली, तर ती स्वच्छ. म्हणजे इंजिन गार ठेवायला बोटीच्या तळातून समुद्राचं पाणी ओढणारं भोकच बुजलं होतं. पिशवीबिशवी अडकली असेल, हे रोजचंच आहे, असं सगळ्यांना सांगून त्याने कमरेला दोर बांधला आणि उडी घेतली.

वर आला तेव्हा त्याच्या हातात हार होता. शहाणा माणूस असता तर त्याने तो तिथेच पाण्याखाली सोडून दिला असता. पण सेबेस्टियन इतका हादरला होता की त्याने तो सगळ्यांना दिसेल असा उंच धरला.

ॲल्रॉयने छातीवर क्रूस काढला.

"म्हाताऱ्याला सोयरीक पसंत नाय," रोझमेरी हळूच म्हणाली.

सेबेस्टियन पाण्यातूनच पंप, ओढ, भरती असं काय काय समजावू लागला. पण दोराला लोंबकळणाऱ्या, हातात हार घेतलेल्या माणसाचं कोण ऐकणार? रोझमेरीने साखरपुड्याच्या हॉलचं बुकिंग थांबवायला अर्नाळ्याला फोन लावला. रेंज येत-जात होती, तेवढीच काय ती देवाची कृपा. रिचेल रडू लागली. आपल्याच हाताने पोरीचं लग्न मोडलं, असं सेबेस्टियनला वाटलं.

इतका वेळ मटिल्डा सावलीत बसून रोझरीचे मणी ओढत होती. तिने हार मागून घेतला आणि एक फूल चिमटीत दाबून पाहिलं.

"ही तर प्लास्टिकची फुलं. कोनी आनला हा हार?"

सगळे रोझमेरीकडे बघू लागले. पाण्यात टिकतील म्हणून घेतली, असं ती कसंबसं म्हणाली.

"माझा मानूस सोयरीक परत नाय करत. हे परत करतो."

रोझमेरीचा चेहरा पांढरा पडला. फोन पर्समध्ये गेला. मुलीकडच्यांनीच अपमान मानून लग्न मोडलं तर? तिने मटिल्डाचे हात धरले. पुढच्या रविवारी नंदाखाल गावच्या वाडीतली ताजी फुलं आणते, पण मनात काही ठेवू नका, असं ती परत परत विनवू लागली. मटिल्डाने तिला बराच वेळ विनवू दिलं आणि मग मोठ्या मनाने होकार दिला.

सेबेस्टियन वर चढला, इंजिन सुरू झालं, पाण्याची धार पडू लागली. निथळताना त्याचे डोळे भरून आले होते. तो आईजवळ सरकला आणि हळूच म्हणाला, "आय, प्लास्टिकची फुलं बाबाच्या मनाला एवढी लागली असतील?"

"त्याला?" मटिल्डा तितक्याच हळू म्हणाली. "मी केसात काय माळलंय ते त्याला जलमभर दिसलं नाय. तू बोट मागं घेतलीस ती सरळ हारावर. मी बघत होते. आता पुढं बघून चालव."