सात नंबरचं शिळं पाणी

"मॅडम, मला शिळं पाणी पाहिजे," नागपूरच्या प्रयोगशाळेतून आलेला शाम म्हणाला, आणि मानीबाईने त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा ग्लास मागे घेतला.

पांढरकवड्याजवळ हायवेवरचा हा लॉज लालसिंगचा. पोळ्याच्या सुमारास तो गेला. आता लॉज त्याची आणि मानीबाईची मुलगी संगीता चालवत होती, म्हणजे बंद पडू देत नव्हती. सौरऊर्जेचं काम करणाऱ्या एका कंपनीचे इंजिनियर वर्षभर राहायला येणार होते. अट एकच: पाण्यात लेजिओनेला नावाचा जंतू नको. तो शॉवरच्या तुषारांतून छातीत जातो आणि न्यूमोनिया करतो. कंपनी आली तर लॉज राहणार, नाही आली तर विकायचा, हे संगीताने कोणालाही न सांगता ठरवून टाकलं होतं.

"हा जंतू साचलेल्या पाण्यात वाढतो," शामने समजावलं. "म्हणून रात्रभर नळ उघडायचा नाही. सकाळचं पहिलं पाणी मी बाटलीत घेणार."

सकाळी तो बाटल्या घेऊन एक नंबरात शिरला, तर फरशी ओली. दोनमध्येही ओली. तीनमध्ये मानीबाई नळ सोडून उभी.

"याडी, काय करून राह्यली?" संगीता आईवर ओरडली.

"पाव्हणा नागपुरातून आला. त्याले रातचं पाणी देऊ? आपल्या तांड्यात असं कोणी देते काय? सारं सांडून टाकलं. आता ताजं येते."

"त्याले शिळंच पाहिजे!"

"लाजते तो. पाव्हणे असंच म्हणतेत."

त्या रात्री शामने सगळ्या नळांना चिकटपट्टी लावली. मुक्कामाचे ट्रक ड्रायव्हर टॉवेल खांद्यावर टाकून समोरच्या वाहिदचाचांच्या गॅरेजात आंघोळीला गेले. चाचा लॉजचे प्लंबरही होते आणि वायरमनही. जवळपास रिकाम्या लॉजचं वीजबिल का वाढतंय, याचा शोध घेण्यासाठी त्यांनी दोनदा वायरिंग उकरलं होतं. ड्रायव्हरांकडून त्यांना कळलं की उद्या पाण्याची परीक्षा आहे.

सकाळी शामने पट्टी काढून नळ सोडला, तर गुलाबाचा वास आला.

"टाकी रिकामी केली, पाइपातलं जुनं पाणी सोडलं, मंग जारचं भरलं," चाचा अभिमानाने म्हणाले. "वरून थोडं गुलाबजल. पट्ट्या होत्या तशा लावून देल्या. बेटा, परीक्षा म्हटली का तयारी नाही लागत?"

"चाचा, पण हे आपलं पाणी नाही!"

"तेच तं! आपलं नापास झालं असतं मंग?"

शाम जिन्यावर बसला. म्हणाला, "वेगळ्या टाकीवरची एखादी खोली नाही का?"

चाचा म्हणाले, "सात नंबर. लालसिंगभाईची. टाकी वेगळी, गीझर वेगळा. ते गेले तवापासून बंद आहे."

"तेव्हापासून नळच उघडला नाही?" शाम ताडकन उठला. "मॅडम, याहून चांगलं पाणी मला अख्ख्या जिल्ह्यात..." मग त्याची नजर खाली गेली. "माफ करा."

"चालेल," संगीता म्हणाली. त्या पाइपात उरलेलं पाणी तिच्या बापूंच्या वेळचं होतं. ते आता एका बाटलीत जाणार होतं.

किल्ली मानीबाईच्या कमरेला होती.

"तिथलं नको. दुसरं कोणतंबी ने."

"याडी, एकच बाटली."

"नाई म्हटलं न!"

संगीता हात पुढे करून उभी राहिली. शेवटी मानीबाईने किल्ली दिली. "पण मले रागवायचं नाई."

दार उघडलं. न्हाणीघराची फरशी ओली होती. बादलीतून वाफा निघत होत्या. दांडीवर धुतलेला टॉवेल, कडेला साबण. गीझरचा लाल दिवा चालू.

"या अल्ला!" चाचांनी कपाळाला हात लावला. "आन् मी भिंती फोडत बसलो!"

"हे कोणासाठी?" शामने विचारलं.

"त्याइले उठल्या उठल्या गरम पाणी लागते," मानीबाई म्हणाली. "शिळं चालत नाई त्याइले."

शामने रिकामी बाटली पिशवीत परत ठेवली.

पुढे मानीबाई एका रात्रीपुरती मुकुटबनला लग्नाला गेली, तेव्हा शाम गुपचूप येऊन सातसकट सगळ्या खोल्यांचं पाणी घेऊन गेला. अहवाल पंधरवड्याने आला. नेहमी रिकाम्या राहणाऱ्या दोन खोल्यांत जंतू सापडला होता. सात नंबर स्वच्छ. उपाय असा: गीझर कढत ठेवावा, प्रत्येक नळ रोज सोडावा, थोडक्यात, सात नंबरची पद्धत सर्व खोल्यांना लागू करावी. तेवढ्या अटीवर कंपनी तयार झाली.

"मंग मी दुसरं काय करून राह्यली होती?" मानीबाई म्हणाली.

आता ती रोज सगळ्या खोल्यांचे नळ सोडत फिरते. इंजिनियर उठतात तेव्हा दाराशी वाफाळती बादली असते. ती कोणी मागवली, हे त्यांना अजून कळलेलं नाही. सात नंबर मात्र भाड्याने दिलेली नाही.

एका सकाळी मानीबाईचे गुडघे धरले. संगीताने किल्ली घेतली, सात नंबरात जाऊन बादली भरली. मागून लंगडत आलेल्या मानीबाईने पाण्यात बोट बुडवलं.

"एवढं कढत? भाजंन न त्याइले. थोडं थंडं घाल."

संगीताने थंड पाण्याचा नळ सोडला. पण बादली लगेच खाली धरली नाही. आधी रात्रीचं शिळं वाहून जाऊ दिलं.