शर्मिलाताईंचं औषध

शर्मिलाताईंच्या हातात उकडीचा मोदक देऊ नये. त्या तो खात नाहीत, शिकवतात. "ही पारी म्हणजे पेशीचं आवरण, आतलं सारण म्हणजे औषध," असं एकदा सुरू झालं की वरचं तूप थिजेपर्यंत पंगत अडकते.

कळव्यातल्या आमच्या सोसायटीत त्या एकट्या राहतात आणि घोडबंदर रोडवरच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करतात. डोळ्यांना न दिसणारे औषधाचे कण घ्यायचे, त्यांच्यावर रक्तातल्याच पांढऱ्या पेशींचं आवरण चढवायचं. मग शरीर त्यांना परकं समजत नाही, आणि ते चरबी साचून सुजलेल्या रक्तवाहिनीपर्यंत बरोबर पोचतात. लिफ्टमधल्या कुरियरवाल्यालाही ताई हे सांगतात. "शरीराला फसवायचं नाही हो, ओळख पटवायची!"

माझे वडील, नाना, त्यांचे पक्के भक्त. जिना चढताना नानांच्या छातीत दुखायला लागलं, डॉक्टरांनी "ब्लॉकेज आहेत, अँजिओप्लास्टी लवकर करून घ्या" म्हणून बजावलं, तर नाना घरी येऊन सोफ्यावर मांडी घालून बसले.

"मी शर्मिलाच्या औषधासाठी थांबणार."

आम्ही सगळ्यांनी समजावून बघितलं. शेवटी मी ताईंनाच बोलावून आणलं.

"नाना, ते अजून उंदरांवरच चाललंय," त्या म्हणाल्या. "माणसांपर्यंत कधी येईल, मलाही माहीत नाही. येईलच असंही नाही."

"मला कुठे घाई आहे गं? थांबतो की."

ताई खाली बघत म्हणाल्या, "माझा दादा असंच म्हणालेला. डोंबिवलीभर सांगत फिरायचा, माझी बहीण औषध काढतेय. आणि ऑपरेशन पुढे ढकलायचा. त्याचा विश्वास बघून मला इतकं बरं वाटायचं नाना, की मी त्याला थांबू नकोस म्हटलंच नाही. एक दिवस सकाळी तो उठलाच नाही."

नाना मांडी मोडून उठले आणि आईला म्हणाले, "हॉस्पिटलची पिशवी भर."

स्टेंट नीट बसले. दुसऱ्या दिवशी ताई वॉर्डात भेटायला आल्या, पण पाच मिनिटंही बोलल्या नाहीत. निघताना दाराशी घुटमळल्या.

"नाना, घरी गेलात की सकाळी मला एक फोन कराल? गप्पा नकोत. नुसतं उठलो म्हणून सांगा."

नाना रोज फोन करतात. पलीकडून "बरं" एवढंच ऐकू येतं. मग बराच वेळ दोघंही फोन ठेवत नाहीत.