एक वाजताची कंबर

दुपारी एक वाजला की रेडिओवर युद्धाच्या बातम्या लागत, आणि एर्सिलियामावशीच्या खानावळीतल्या सगळ्यांना चमचे खाली ठेवून ताठ उभं राहावं लागे. रोमहून तसा हुकूमच होता. असले हुकूम काढणाऱ्यांचं जेवण कधी गार होत नाही. इथं मात्र चण्याचं सूप रोज गार होई.

त्या दिवशी बातम्या सुरू व्हायला आणि जोडे शिवणाऱ्या नाझारेनोचा चमचा खाली पडायला एकच गाठ पडली. तो उचलायला वाकला आणि त्याची कंबर जी धरली, ती धरलीच. नेमका तेव्हाच सत्ताधारी पक्षाचा गावचिटणीस फाउस्तो बाल्दासारी आत आला. रेडिओ सांगत होता, "आपले सैन्य ठरल्याप्रमाणे मागे येऊन भक्कम जागी थांबले आहे." आणि नाझारेनो रेडिओकडे पाठीखालचा भाग करून वाकलेला!

"ए, सरळ उभा राहा!"

"कसा राहू साहेब? मीपण ठरल्याप्रमाणे मागं येऊन भक्कम जागी थांबलोय."

कुणीतरी फिसकन हसलं. चिटणीस लालबुंद झाला. "बेटावर धाडीन! पाच वर्षं तिथं कैदेत सडशील!"

ही पोकळ धमकी नव्हती. गेल्याच महिन्यात एका विनोदापायी त्यानं पोस्टमनला बेटावर धाडलं होतं.

तेवढ्यात मावशी मटकन खुर्चीत बसली. "अगं आई गं! माझीपण धरली."

"माझीपण," म्हणत पाववाला बसला. बघता बघता सगळी खानावळ कंबर धरून कण्हायला लागली.

"नाटकं करता? सगळ्यांना धाडीन!"

"धाडा की," मावशी म्हणाली. "तिकडं पोस्टमनला सूप कोण करून घालतंय?"

"आधी याला सरळ करतो!" चिटणीसानं नाझारेनोच्या काखेत हात घालून जोरात हिसका दिला. कट्‌ असा आवाज झाला. नाझारेनो सरळ झाला आणि चिटणीस वाकला तो वाकलाच.

बातम्या अजून चालूच होत्या. सैन्य त्या दिवशी बऱ्याच ठिकाणांहून मागे आलं होतं. सगळी खानावळ खाडकन उठून ताठ उभी राहिली.

"साहेब," मावशी गोडीत म्हणाली, "बातम्या चालल्यात. सरळ उभे राहा ना. लोक बघतायत."

"रेडिओ... बंद कर," चिटणीस जमिनीकडे बघत कण्हला.

"करते हो. पण या नाझारेनोला बेटावर कधी—"

"कोण नाझारेनो? कुठलं बेट? बंद कर म्हणतो ना!"

युद्ध सुरू झाल्यापासून पक्षाचा तेवढा एकच हुकूम त्या खानावळीनं मनापासून पाळला. सूप अजून गरम होतं.